जोत्यातला खंगर

अंगण उचलून न्यायला मशीन आलं त्या सकाळी भट्टीवाला काही न खाता-पिता कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. पिवळ्या मशीनचा दातेरी पंजा झाडाच्या बुंध्याजवळ रुतला, वर आला आणि काळपट ढेकळं धाडकन ट्रकात आदळली. ट्रकात आधी जाड प्लास्टिक अंथरलं होतं. धूळ उडू नये म्हणून दोन माणसं पाण्याचा फवारा मारत होती.

"हळू घे रे बाबा," भट्टीवाला ओरडला. "तिथून पाण्याचा पाइप गेलाय."

मशीनवाल्याने कानाकडे बोट दाखवून मान हलवली.

"त्याला ऐकू येत नाही," बायको म्हणाली. "आणि पाइप फुटला तर बघतील ते. तुम्ही चहा घ्या आधी."

"नको."

तिने कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. अंगण चाललं होतं त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. उलट पंजा वर आला की तिच्या मनात येई, एवढी माती गेली, एवढी ठकी जवळ आली.

वस्तीत सगळे तिला थोरली म्हणत. माहेरी दोघी बहिणी, ही मोठी. नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्याचं नाव मात्र त्याने स्वतः कमावलेलं होतं. गाड्यांच्या बाद झालेल्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं अ‍ॅसिड नाल्यात ओतायचं, पत्रे कढईत घालून कोळशावर वितळवायचे आणि शिशाच्या विटा पाडायच्या, हा धंदा वस्तीतली निम्मी घरं करायची. पण त्याची भट्टी सगळ्यांत मोठी. अकरा वर्षं ती घरामागे धगधगली. त्यांची मुलगी ठकी त्याच धुरात रांगली, त्याच अंगणात मातीचा स्वयंपाक मांडून खेळली.

सातव्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. शाळेत शिकलेली अक्षरं ती घरी येईपर्यंत विसरायची. एकदा हाक मारून भागत नसे. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने रक्त तपासलं आणि कागद फिरवून त्या दोघांपुढे ठेवला, जणू त्यांना तो वाचता येणार होता.

"शिसं आहे," तो म्हणाला. "मातीतून, धुळीतून, तुमच्या कपड्यांतून. औषध मी देईन. पण पोर परत त्याच घरात गेली तर औषध पाण्यात."

त्याच दिवशी ठकी मावशीकडे गेली, दोन तासांवरच्या गावात. त्याला आता दहा महिने झाले होते.

वस्तीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर कारखान्यांचा विषारी कचरा निस्तरायचा प्रकल्प होता. रंगाचे गाळ, तेलकट चिखल, अ‍ॅसिडची पिंपं, सगळं तिथे यायचं. त्यातून तांबं, जस्त, जे निघेल ते काढायचं आणि उरलेलं सिमेंटमध्ये बांधून पुरायचं. त्या वर्षी त्यांनी शिशाच्या मातीचा विभाग उघडला. वस्तीतल्या भट्ट्यांना कुलूप लागलं आणि भट्ट्यांवरच्या लोकांना प्रकल्पात काम मिळालं.

भट्टीवाल्याला वाटलं, आपल्याला बंद शेडमधल्या मोठ्या भट्टीवर घेतील. शिसं कधी लालेलाल होतं, मळ कधी वर येतो, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार होतं? पण आधी रक्त तपासलं. मुकादम कागद बघून म्हणाला, "तुझ्या अंगात आधीच एवढं आहे की तुलाच भट्टीत घातलं तर चांगली वीट पडेल."

सगळे हसले. तोही हसला. त्याला ट्रकची चाकं धुवायचं काम मिळालं. दाराशी हातात पाण्याची नळी घेऊन उभं राहायचं. माती घेऊन आलेली गाडी रिकामी होऊन बाहेर पडताना तिच्या चाकाला माती राहता कामा नये, एवढं बघायचं. गाडी हाकणारे जुने ओळखीचे. कोणी म्हणे, "काय भट्टीवाले, आज आंघोळ घालता का?" तो नळी चाकाच्या आतल्या बाजूला वळवायचा आणि खाली बघून धूत राहायचा.

थोरलीचं काम हलणाऱ्या टेबलावर. टेबल पलंगाएवढं, एका बाजूला कलतं, वर बारीक आडव्या पट्ट्या. दळून चाळलेली माती पाण्याबरोबर त्याच्यावर यायची आणि टेबल सतत थडथडत राहायचं. हलकी माती पट्ट्यांवरून उड्या मारत खाली ओघळून जाई. जड शिसं पट्टीला धरून हळूहळू टोकापर्यंत सरके. वर काळी रेघ, खाली तपकिरी पाणी. दोन्ही जिथे वेगळे होतात तिथे लोखंडी पाचर असायची. रेघ सरकली की पाचर सरकवायची, एवढंच तिचं काम. पण नजर काढून चालायचं नाही. आठ तासांनी डोळे मिटले तरी पापणीच्या आत ती रेघ दिसत राही.

काम संपलं की तिथेच आंघोळ. कामाचे कपडे तिथेच टाकायचे, नखं घासायची, केस धुवायचे, मग दुसऱ्या दारातून बाहेर. पहिल्या दिवशी दारावरच्या बाईने तिला परत पाठवलं होतं. "कानामागे राहिलंय. परत धुवा." चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई, पोरीसारखी परत जाऊन कान धुऊन आली होती. आता कोणाला सांगावं लागत नसे.

दर दुसऱ्या रविवारी ती पहिल्या गाडीने धाकट्या बहिणीकडे जायची. धाकटीचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागे दोन खोल्या आणि परसात नळ. नळाशी बादली, साबण आणि धाकटीचे धुतलेले कपडे ठेवलेले असत. थोरली आधी नाहायची, बहिणीचे कपडे घालायची आणि मगच ठकीला हाक मारायची. धाकटीने हे कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. पण एकदा बादली ठेवायची राहिली होती आणि ठकी धावत आली होती, तेव्हा "थांब ताई, थांब जरा," म्हणत ती दोघींच्या मध्ये आडवी आली होती. नंतर दिवसभर तिने बहिणीच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.

ठकी सुधारत होती. गाड्यांवरच्या पाट्या वाचायची, काकांच्या कापडावर खडूने नाव लिहायची. रक्तातला आकडा निम्म्यावर आला होता. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि नाक खुपसून वास घ्यायची.

"तुला मावशीचा वास येतो," ती एकदा म्हणाली.

"कपडे मावशीचे आहेत ना."

"तुझे का नाही घालत?"

"धुवायला टाकलेत."

"आणि बाबा?"

"बाबा कामावर."

"रविवारी पण?"

"ट्रक रविवारी पण येतात, राणी."

रविवारी ट्रक येत नसत. भट्टीवाला त्या दिवशी घरीच असायचा. संध्याकाळी थोरली परतली की तो काहीतरी हातात घेऊन बसलेला असे, दोरी, कडी, तुटलेलं बिजागर.

"काय म्हणाली?"

"विचारत होती."

"काय?"

"तुम्ही कधी येणार."

तो बिजागराला तेल घालत राहायचा.

"एकदा या तरी," ती म्हणायची. "एवढं काय ते?"

"माझ्या अंगात अजून आहे."

"रक्तातलं असं हात लावल्याने जात नाही. मॅडमनी सांगितलंय. धुऊन गेलं म्हणजे झालं."

"मॅडमला पोर आहे का?"

ती पिशवीतला डबा काढून घासायला घ्यायची.

मॅडम म्हणजे प्रकल्पातली नमुनेवाली, मातीचे नमुने तपासणारी. वयाने लहान, चष्मा, पायात कायम रबरी बूट. तिच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. ते जमिनीला टेकवून खटका दाबला की मातीत शिसं किती ते आकड्यात यायचं. अंगण मांडीइतकं खोल खणून झालं, त्यात लांबून आणलेली तांबडी माती भरून झाली, आणि आठवड्याने नमुनेवाली तपासायला आली. ती कुंपणाच्या कोपऱ्याकोपऱ्यात वाकत होती आणि थोरली तिच्या मागे मागे, श्वास धरून.

"छान," नमुनेवाली म्हणाली. मग दारात उभी राहून आत बघितलं. "आतली जमीन?"

"सिमेंटची," भट्टीवाला म्हणाला.

"खाली भर कशाची?"

"मुरूम. खाणीतला."

तो जरा घाईने बोलला. थोरलीच्या ते लक्षात आलं नाही, किंवा त्या वेळी तिला लक्षात घ्यायचं नव्हतं. नमुनेवालीने यंत्र सिमेंटला दोन ठिकाणी टेकवलं, आकडा बघितला, कागदावर खूण केली. "दोन आठवड्यांनी मुलीला आणा. शाळा सुरू व्हायच्या आधी. फक्त महिन्या-महिन्याला रक्त तपासून घ्यायचं, विसरायचं नाही."

थोरलीने तिचे दोन्ही हात धरले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून "चहा घ्या मॅडम," एवढंच म्हणाली.

पुढचे दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. कामावरून आली की घर धुवायची. भिंती पुसल्या, छपराची जळमटं काढली, जुन्या गोधड्या टाकून दिल्या. भट्टीवाल्याने दोन फळ्या तासून ठकीच्या वह्यांसाठी शेल्फ करायला घेतलं. बऱ्याच महिन्यांनी तो गुणगुणताना तिने ऐकला.

चौथ्या दिवशी ती ठकीचा कोपरा घासत होती. ठकी तिथे झोपायची, खिडकीखाली. तिथल्या सिमेंटला जुनी भेग होती. ब्रश अडकला, पोपडा निघाला, आणि खालून अंगठ्याएवढा तुकडा वर आला. काळा, काचेसारखा चकाकणारा. तिने तो तळहातावर घेतला. सहा महिने टेबलापाशी काढल्यावर हाताला वजन कळायला लागलं होतं. दगड एवढा जड नसतो.

ती उठून नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

हातोडी थांबली. "खंगर."

"भट्टीतला?"

"दुसरा कुठला असणार?"

"मॅडमना मुरूम म्हणालात."

"मुरूमही आहे. वरचा थर."

"आणि खाली?"

त्याने एक खिळा ठोकला. सरळ गेला नाही, वाकला. तो उपटत म्हणाला, "तेव्हा कुणाला माहीत होतं? शिसं काढून उरलेला मळ, भट्टीतून रोज दोन पाट्या निघायचा. फुकट, टणक. पाण्याने खचत नाही म्हणून लोक माझ्याकडून मागून न्यायचे. पाट्याच्या पाट्या मी डोक्यावरून वाहिल्यात."

"आता तर माहीत आहे ना?"

"वर सिमेंट आहे. अजून एक हात मारतो. बंद होऊन जाईल."

"ठकी इथे बसून पोपडे काढायची. नखाने. बोट तोंडात घालायची म्हणून मी मारलंय तिला."

"अगं, मॅडमच्या यंत्रात काही आलं का? नाही ना?"

"यंत्र वरचंच बघतं."

"मग जा, सांग!" तो एकदम उभा राहिला. "फोडतील सगळं. तीन उन्हाळे घालवलेत मी या घरात. पहिल्यात जोतं, दुसऱ्यात भिंती, तिसऱ्यात छप्पर. आणि मग ती कधी येणार? पुढच्या वर्षी? मावशीलाच आई म्हणायला लागेल तोवर."

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं होतं. पण ते जिथे लागायचं तिथे लागलं. थोरलीने तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि हात कोपरापर्यंत धुतले.

दोन दिवस ती बोलली नाही. त्याने सिमेंट कालवून कोपरा लिंपला, ओल्या फडक्याने गुळगुळीत केला. शेल्फ भिंतीला लागलं. घर खरंच छान दिसत होतं. कामावर तिची पाचर दोनदा चुकली आणि मुकादम ओरडला, "कुठे लक्ष आहे? अर्धं शिसं नाल्यात घालवाल."

तिचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. आठ दिवस. आठ दिवसांनी ठकी या दारातून आत येईल, तिला सकाळी उठवायचं, वेणी घालायची, डबा भरायचा. रात्री हात लांब केला की हाताला लागेल. आपण गप्प बसलो तर. नुसतं गप्प बसायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. ती स्वतःला सांगायची, सिमेंट जाड आहे. रक्त तर महिन्याला तपासणारच आहेत. काही वाढलं तर तेव्हा बघू. आणि मग आपल्याच मनाची तिला किळस यायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. फोनवर ठकीच होती, धापा टाकत.

"आई, काकांनी दोन फ्रॉक शिवले. मोठे शिवलेत. म्हणाले, तिकडे जाऊन वाढशील."

"हो का?"

"आणि मी बॅग भरली पण. मावशी म्हणते अजून आठ दिवस आहेत, तरी भरली. आई, माझी जागा कोपऱ्यातच ना? खिडकीखाली?"

"हो," थोरली म्हणाली.

फोन ठेवला आणि तिला जेवण गेलं नाही. तिने भरलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कामाला लागायच्या आधी ती नमुनेवालीच्या खोलीत गेली. गाठ मारलेली पिशवी टेबलावर ठेवली. नमुनेवालीने यंत्र टेकवलं, आकडा बघितला, आणखी एकदा टेकवलं.

"कुठे मिळाला?"

"आमच्या घरात. जमिनीखाली."

"कुणी भरला?"

"आम्ही."

"ते तर मुरूम म्हणाले होते."

"मुरूमही आहे, मॅडम," थोरली म्हणाली. "वरचा थर."

नमुनेवालीने चष्मा काढला, पुसला. "ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"मुलीला आता नाही आणता यायचं."

"तेही माहीत आहे." तिने पिशवीची गाठ उगाच पुन्हा आवळली. "किती दिवस?"

"जमीन काढायची, भर काढायची, नवीन भरायची. भिंती राहतील. दोन महिने धरा."

ती आपल्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मशीन सुरू झालं. त्या दिवशी पाचर एकदाही चुकली नाही.

भट्टीवाल्याला मुकादमाने सांगितलं, ट्रकच्या चाकापाशी, चारचौघांत. त्याने नळी बंद केली नाही. संध्याकाळी घरी आला, सामान बांधायला लागला. प्रकल्पाने मजुरांच्या चाळीत एक खोली दिली होती. चार दिवस तो बायकोशी बोलला नाही. हवं-नको ते भिंतीकडे बघून सांगायचा. ठकीला सांगायचं काम थोरलीने धाकटीवर टाकलं. तेवढी हिंमत तिच्यात उरली नव्हती. धाकटीचा उलटा फोन आला, "सांगितलं ताई. काही बोलली नाही. बॅगेवर बसून आहे."

त्यानंतर ठकी फोनवर यायची बंद झाली.

घर फोडायच्या दिवशी चौफेर दोरी बांधली. आत पाच माणसं, तोंडाला मुखवटे, पांढरे पायघोळ कपडे. भट्टीवाल्याला नमुनेवालीने दोरीच्या आत येऊ दिलं नाही. "तुमच्या रक्ताचा आकडा बघता मी नाही येऊ देणार. रागावलात तरी चालेल."

तो दोरीबाहेर उकिडवा बसला. पहिली पहार पडली तेव्हा त्याने मान फिरवली. थोरली थोडी लांब उभी होती. जवळ जावं की नाही, तिला कळेना.

आत एकजण मधोमध मारत होता. पहार उसळून परत येत होती. दहाएक घाव झाले, नुसतं पांढरं उठलं.

"तिथे नको," भट्टीवाला पुटपुटला. मग मोठ्याने, "अरे तिथे नको मारू! तिथे मोठा दगड बसवलाय. दाराकडून घे. तिथे कोबा पातळ आहे."

माणसाने दाराकडून घेतलं. कोबा पापडासारखा उचलला गेला.

"आता उजवीकडे सरक. बस. आडवी घाल पहार, उभी नको."

तो उठून दोरीला पोट टेकवून उभा राहिला. दुपारपर्यंत तो तसाच उभा होता, सांगत होता, कुठे थर जाड, कुठे मुरूम संपतो, कुठे खंगर सुरू होतो. पाट्यांमागून पाट्या बाहेर आल्या. काळा, चकचकीत खंगर ट्रकात पडताना काच फुटल्यासारखा आवाज व्हायचा. दोन्ही खोल्या गुडघ्याच्या वर खोल गेल्या. नमुनेवालीने तळाला यंत्र टेकवलं, एका खोलीत, दुसऱ्या खोलीत.

"झालं," ती म्हणाली. "तळ स्वच्छ आहे. भिंती वाचल्या."

माणसांनी मुखवटे वर केले. कोणी पाणी मागितलं. मुकादम भट्टीवाल्याकडे बघून म्हणाला, "सुटलास बाबा. दोन महिन्यांत राहायला येशील."

भट्टीवाला भिंतींकडे बघत होता. थोरलीने त्याचं तोंड बघितलं आणि तो बोलायच्या आधीच तिला कळलं, अजून काहीतरी आहे.

"थांबा," तो म्हणाला. "पायातही आहे."

"काय?"

"भिंतींच्या पायात. चारी बाजूंनी. विटांच्या खाली मी खंगरच भरलाय, चुन्यात कालवून. दाराच्या पायरीतही." त्याने बोट दाखवलं. "मधल्या भिंतीखाली सगळ्यांत जास्त."

मुकादम जवळ आला. हळूच म्हणाला, "अरे, कळतंय का काय बोलतोस ते? भिंती उतरवाव्या लागतील. छप्पर. सगळं."

"उतरवा."

"दोन महिन्यांचं काम नाही मग ते."

"नसू दे."

नमुनेवाली कागदावर लिहीत राहिली. भट्टीवाला दोरीपासून मागे सरकला आणि बायकोजवळ येऊन उभा राहिला. पाच दिवसांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

"थोडं पाणी आहे का?"

तिने बाटली दिली. तो घटाघटा प्यायला, अर्धं गळ्यावरून सांडलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचं घर थोरलीच्या टेबलावरून गेलं. दळलेला पाया, जोतं, पायरी, पाण्याबरोबर थडथडत. काळी रेघ कधी नव्हे एवढी जाड झाली आणि तिला पाचर पार वरपर्यंत सरकवावी लागली. आपल्या घराचा कुठला भाग आता समोरून जातोय, हे ओळखायचा तिने थोडा वेळ प्रयत्न केला. मग सोडून दिला. रेघ सगळीकडे सारखीच होती.

सुट्टी झाल्यावर भट्टीवाला बंद शेडच्या दाराशी जाऊन थांबला. आत नव्या विटा रचून ठेवल्या होत्या, राखाडी, गुळगुळीत.

"आमच्या घरातल्या किती?" त्याने भट्टीवरच्या माणसाला विचारलं.

"चौदा."

तो बराच वेळ बघत राहिला. चाळीकडे जाताना बायकोला म्हणाला, "चौदा विटांचं शिसं मी खंगरात टाकून दिलं होतं. भट्टीच कच्ची होती माझी. एवढी वर्षं लोक मला मोठा भट्टीवाला म्हणत होते."

थोडं चालल्यावर तो परत म्हणाला, "रविवारी मी येतो."

शनिवारी त्याने प्रकल्पात दोनदा आंघोळ केली. दारावरची बाई म्हणाली, "लग्नाला निघालात की काय?" रविवारी धाकटीच्या परसातल्या नळाशी त्याने तिसऱ्यांदा केली. नखं ब्रशने इतकी घासली की एका बोटातून रक्त आलं. शिंप्याने स्वतःचा धुतलेला शर्ट दिला. तो खांद्यात आखूड पडला. "उसवून देतो थांबा," शिंपी म्हणाला. "राहू द्या भाऊ," भट्टीवाला म्हणाला. अकरा महिन्यांत दोन साडूंचं एवढंच बोलणं झालं होतं.

ठकी पुढच्या ओट्यावर बाकड्यावर बसली होती, पाय हलवत. उंच झाली होती. दोघांना बघून तिने पाय हलवायचे थांबवले. आईकडे बघितलं.

"तू हो म्हणाली होतीस."

थोरली पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"आईचं काही नाही त्यात," भट्टीवाला म्हणाला. तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला, दोन्ही हात मांड्यांवर, तळवे वर. "घराच्या खाली मी वाईट माल भरला होता. तू लहान होतीस तेव्हा. मला वाटलं चांगला आहे. तो काढावा लागला."

"कोपऱ्यातला?"

"सगळा. घर पाडलं."

"भिंती पण?"

"भिंती पण."

ठकीने याचा नीट विचार केला. "मग आता तुम्ही कुठे झोपता?"

"एका खोलीत. लहान आहे."

"आणि मी कुठे झोपणार?"

"बांधतोय की नवीन. मुरूम भरून. मॅडम रोज येऊन बघणार आहेत." तो थांबला. "थंडी पडेल तोवर होईल. त्याच्या आधी नाही होणार. खोटं सांगत नाही."

"थंडी म्हणजे सहामाही परीक्षेनंतर."

"असेल."

"असेल नाही, आहे. मला येतात महिने."

ती थोडी त्याच्याकडे सरकली. तो तेवढाच पलीकडे सरकला. ती परत सरकली. तोही. मग बाकडं संपलं.

"पडाल," ठकी म्हणाली.

आतून धाकटीला हसू फुटलं आणि तिने तोंडाला हात लावला. भट्टीवाल्याला आणखी सरकायला जागा नव्हती. ठकी त्याच्या दंडाला टेकली. तो ताठ बसून राहिला, एखादं भरलेलं भांडं कडेवर असावं तसा.

ती बोलत होती. शाळेचं, काकांच्या मशीनचं, शेजारच्या मांजरीला झालेल्या पिलांचं, चारांतलं एक कसं फक्त तिलाच जवळ येऊ देतं. तो "हं" म्हणत होता. दुपार चढली, ओट्यावर ऊन सरकत आलं. ठकीचं बोलणं मध्येच अडखळलं, परत सुरू झालं, आणि मग थांबलं. तिचं डोकं त्याच्या दंडावरून घसरून छातीशी आलं. तोंड किंचित उघडं.

थोरलीने घड्याळ बघितलं, पिशवी उचलली. "अहो," ती हळू म्हणाली, "गाडीची वेळ झाली."

त्याने मान हलवली. नाही.

"दाजी, ही चुकली तर सहाशिवाय नाही," धाकटी दारातून म्हणाली. "आणि त्या गाडीला बसायला जागा मिळत नाही."

"उभ्याने जाऊ," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

कोपऱ्यावर गाडीने दोनदा हॉर्न दिला. थोडी थांबली आणि निघून गेली. थोरलीने पिशवी खाली ठेवली आणि ओट्याच्या कडेला टेकली. शिंप्याचं मशीन आत बंद झालं होतं. भट्टीवाल्याच्या कानाशी एक माशी घोंघावत होती, गालावर बसत होती, तो हलत नव्हता. त्याचा डावा हात ठकीच्या डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर, तसाच धरलेला होता.

"ठेवा की," थोरली म्हणाली.

त्याने ठेवला.